लेफ्ट आऊटची हजेरी

१

दौंडच्या लोको शेडचा फुटबॉल संघ मैदानात उतरायच्या आधी हजेरी द्यायचा. दुसऱ्या कुठल्याही संघात ही पद्धत नव्हती, आणि पुण्या-सोलापूरचे खेळाडू त्यावरून यथेच्छ चेष्टा करायचे. पण संघाचा कॅप्टन हौसराव हा मूळचा खुटबावचा, रुळांवरच्या गँगचा मुकादम. नावं पुकारल्याशिवाय त्याला काम सुरू झाल्यासारखं वाटायचंच नाही, मग ते काम रूळ ठोकायचं असो नाहीतर गोल मारायचं. मैदानाच्या कडेला चाकं काढलेला एक जुना डबा पडून होता. खेळाडू त्यातच कपडे बदलायचे. सगळे बाकांवर बसले की हौसराव दारात उभा राहून एकेकाला बापाच्या नावासकट हाक मारायचा, आणि ज्याचं त्यानं "हाय" म्हणायचं. "हाय" म्हटलं की माणूस संघात. नाही म्हटलं, तर तो कितीही मोठा तीसमारखान असो, मैदानात पाऊल टाकायचं नाही.

बन्यामीन अब्राहाम हा त्या संघाचा लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं चेंडू पळवणारा गडी. शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेला. रेल्वेत त्याला घेतलं ते फुटबॉलसाठीच. कागदावर तो खलाशी, म्हणजे इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांचा मदतनीस होता, पण त्याच्या हातात पाना कुणी कधी पाहिला नव्हता. खेळावरच त्याचं पोट होतं आणि खेळावरच त्याची ऐट होती. एकोणसाठ सालचा पावसाळा संपता संपता सोलापुरात एका सामन्यात गोलकीपर त्याच्या अंगावर आला आणि नडगीची दोन्ही हाडं मोडली. तो आवाज कडेला उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू गेला म्हणतात.

शिरूरच्या दवाखान्यात हौसराव मोसंबी घेऊन त्याला भेटायला आला. डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे त्यावर कुणीच बोललं नाही. ज्वारी कशी आहे, बदल्या कुणाच्या झाल्या, असल्या गप्पा झाल्या. हौसराव निघायला उठला तेव्हा बन्यामीननं त्याचं मनगट धरलं.

"मामा, माझं नाव हजेरीतनं काढू नका. एवढंच करा."

"मग हाय कोन म्हनंल?"

"तुम्ही म्हणा की. सगळ्यांनी मिळून म्हणा."

हौसरावनं हातातली रिकामी पिशवी खाटेवर ठेवली. नसलेल्या माणसाची हजेरी लावायची नाही, हा मुकादमाचा धर्म. एवढ्या वर्षांत त्यानं सख्ख्या भावाचीही लावली नव्हती. पण समोर पोरगं पाय टांगून पडलेलं, डोळे भरलेले. त्यानं "बरं" म्हटलं आणि पिशवी तिथंच विसरून निघून गेला. ते "बरं" त्यानं म्हणायला नको होतं, आणि बन्यामीननंही मागायला नको होतं. पण त्या दिवशी दोघांनाही ती मायाच वाटली, आणि होतीही ती मायाच.

२

बन्यामीनची आई कृपाबाई मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची. नवरा लवकर गेला, मागं हा एकच मुलगा. त्याचा खेळ तिनं कधी पाहिला नव्हता. अर्ध्या चड्डीत चारचौघांत धावायचं हे तिला पटायचं नाही, आणि पाय मोडल्यावर तर ती फुटबॉलचं नावही काढू देईना. पण पोरगं दिवसचे दिवस भिंतीकडं तोंड करून पडायला लागलं तेव्हा तिचा धीर सुटला. रविवारी मिशनच्या देवळात प्रार्थनेच्या वेळी ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभू, याला चालता कर असं मी इतके दिवस मागत होते. आता याला पळता कर." पाळकसाहेबांनी तिच्याकडं चमकून पाहिलं, मग तेही आमेन म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी बन्यामीनला चैन पडायचं नाही. आता डब्यात सगळे बसले असतील, आता हौसरावमामा दारात आले असतील. मनात तो सगळ्यांची नावं ओळीनं घ्यायचा आणि स्वतःचं आलं की आढ्याकडं बघत मोठ्यानं "हाय" म्हणायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, काय रे, हाक मारलीस का.

पुढं पुढं आई विचारेनाशी झाली. तिला सवय झाली असेल, असं त्याला वाटलं. मग एका शनिवारी त्याच्या लक्षात आलं, की तोंड उघडतं, जीभ हलते, पण त्या एका शब्दाचा आवाज खोलीत येतच नाही. लगेच त्यानं आईला हाक मारून पाहिली, ती खणखणीत निघाली. घसा बसला असेल, पडून पडून छातीत कफ साठला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. प्लास्टर निघालं, पाय जमिनीला लागला, आणि मग त्या गोष्टीचा त्याला विसरच पडला. दिवसभर तो घोडनदीच्या वाळूत पळायचा. आधी लंगडत, मग बरा, मग चांगलाच. फक्त नडगीत खोलवर एक ठणक राहिली होती, ती काही केल्या जाईना. पळून तो तिथंच वाळूवर आडवा व्हायचा आणि एकटाच हसायचा. वर्षभरात इतका आनंद त्याला झाला नव्हता.

३

दौंडला परत जाताना एसटी न्हावऱ्याला थांबली. कंडक्टर तिकिटं संपवून मुद्दाम त्याच्या शेजारी येऊन बसला. फुटबॉलचा शौकीन असावा.

"काय पळालात वो परवाच्याला कुर्डूवाडीवाल्यांपुढं," तो म्हणाला. "पाय मोडला म्हनत हुती मानसं. आमीबी खरं मानलं हुतं."

बन्यामीननं सांगितलं की परवा तो शिरूरलाच होता, वर्षभर तिथंच आहे. कंडक्टर "बरं, बरं" म्हणत हसला, मोठ्या माणसाच्या थट्टेवर हसतात तसा, आणि उठून दाराशी गेला. आपल्या जागी कुणी नवा पोरगा घेतला असणार, लांबून आपल्यासारखा दिसत असणार, एवढं सरळ होतं. तरी बन्यामीनला भीती वाटली ती त्यामुळेच. जागा गेली तर नोकरी राहील, पण मग खरोखरच पाना धरावा लागेल.

दौंडला उतरून तो तडक मैदानाकडं गेला. डब्यात कुणी नव्हतं. दुपारच्या उन्हानं पत्रा तापला होता आणि आत घामाचा, तेलाचा, जुन्या चामड्याचा तोच वास होता. भिंतीवर खिळ्यांची रांग होती, शेवटचा खिळा त्याचा. त्यावर त्याची जर्सी होती. त्यानं हात लावला तर ती ओली होती. बाकाखाली त्याचे बूट होते, टाचेजवळ झिजलेले, आणि त्यांना लागलेली माती अजून वाळली नव्हती.

मागून हौसराव आला. त्यानं बन्यामीनला इतकं घट्ट धरलं की बन्यामीनच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग बन्यामीननं विचारलंच, लेफ्ट आऊटला कोण खेळतं आता.

हौसरावनं जर्सीकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. कुणी नाही, म्हणाला. वर्षभर दहाच जण खेळले. तुझ्या जागेवर माणूस घ्यायला कुणी तयारच झालं नाही.

"दहा जणांनी? मग हरलात किती?"

"न्हाई हरलो," हौसराव म्हणाला, आणि चहा प्यायला चल म्हणून त्याला ओढून बाहेर घेऊन गेला.

४

सराव सुरू झाला. गडी प्रेमाचे होते, कुणी त्याला लंगड्या म्हणून चिडवलं, कुणी मिठाई मागितली. गोलकीपर दगडोबा तर त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायला निघाला होता. पण खेळ सुरू झाला की काहीतरी चुकत होतं. त्याच्याकडं मारलेला चेंडू त्याच्यापर्यंत येत नव्हता. दर वेळी तो चार हात पुढं पडायचा. बन्यामीन जीव खाऊन पळायचा आणि तरी एक पाऊल उशिरा पोचायचा.

त्यानं स्वतःला समजावलं. यांच्या डोळ्यांत अजून वर्षापूर्वीचा बन्यामीन आहे. त्याच्या वेगाचा अंदाज धरून चेंडू मारतात, आणि तो वेग आता आपल्यात नाही. याचं त्याला इतकं वाईट वाटलं की दुसरी गोष्ट लक्षात यायला दोन दिवस गेले. जिथं चेंडू पडायचा तिथून तो कडेबाहेर जायला हवा होता. तो जात नव्हता. खडबडीत मुरमावर एखादी उडी घेऊन तो आत वळायचा, नेमका गोलच्या तोंडापुढं, आणि तिथं कुणीतरी आपला तयारच असायचा. मुरमाड जमीन, खडे, चेंडू वळतो कधीकधी. पण दर वेळी नेमका आत वळावा, असा कुठला खडा असतो?

आणि पावलं. बुटांचे खिळे मुरमावर कराकरा वाजायचे. कोळशाच्या शेडच्या भिंतीवरून तो आवाज परत येतो, हे त्याला पूर्वीपासून माहीत होतं. एकदा तो पळता पळता मुद्दाम थांबला. पुढं पावलं वाजतच राहिली. ती न लंगडणारी होती. भिंतीच्या टोकापर्यंत जाऊन ती वळली आणि हलक्या चालीनं परत यायला लागली, आणि बन्यामीन कडेची रेघ सोडून मैदानाच्या मध्यात दगडोबापाशी जाऊन उभा राहिला. दगडोबाही डाव्या कडेकडंच बघत होता. "पैलं पैलं मलाबी बरं वाटायचं न्हाई," एवढंच तो म्हणाला.

५

परतल्यानंतरच्या पहिल्या सामन्याच्या वेळी बन्यामीन डब्यात आपल्या खिळ्याखाली बसला होता. सकाळपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. हौसराव एकेक नाव घेत आला. "बन्यामीन अब्राहाम," तो म्हणाला.

बन्यामीननं तोंड उघडायच्या आधीच "हाय" आलं.

ते त्याच्या डाव्या कानाशी आलं, शेजारी बसलेल्या माणसानं म्हणावं तसं. डावीकडं फक्त पत्र्याची भिंत होती. कुणी मान वर केली नाही. बुटांच्या नाड्या बांधणारे बांधतच राहिले आणि हौसराव पुढच्या नावावर गेला. संघ जिंकला. बन्यामीन शेवटपर्यंत पळत होता, पण चेंडूला त्याचा पाय एकदाही लागला नाही. सामना संपल्यावर लोक डाव्या कडेला धावत आले, "वा बन्यामीन" म्हणाले, आणि म्हणताना त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं होती.

त्या संध्याकाळी रुळांच्या कडेला रचलेल्या लाकडी स्लीपरांच्या ढिगावर तो हौसरावला धरून बसला आणि मला सगळं सांगा म्हणाला. हौसरावनं विडी पेटवली, ती ओढलीच नाही.

"पैलं आमीच म्हनायचो," तो म्हणाला. "धा तोंडं, एकच शब्द. पुढं पुढं आवाज पातळ झाला. कुनी म्हनायचं, कुनी न्हाई. एका सामन्याला तुजं नाव घेतलं आन् माज्या ध्यानात आलं, कुनाचंच तोंड हाललं न्हाई. तरी हाय आलं."

"मग थांबवलं का नाही तुम्ही?"

"तुजाच आवाज हुता रं. तिकडं तुजं काय चाललंय ते हितं कळायचं न्हाई. आवाज आला की वाटायचं, हाय, पोरगं हाय आपलं. मी कुनाला बोललो न्हाई आन् त्यांनीबी मला इचारलं न्हाई." मग खाली बघत तो म्हणाला, "जिकतबी हुतो."

बन्यामीनला राग यायला हवा होता. पण हा माणूस आपल्या धर्माविरुद्ध वागला तो आपण मागितलं म्हणून, हे त्याला विसरता येईना. शिरूरच्या खोलीतला तो न उमटणारा शब्द त्याला आठवला. त्याबद्दल तो हौसरावला काही बोलला नाही.

हौसरावनंच उपाय सुचवला. येत्या शनिवारपासून हजेरीत बन्यामीनचं नावच घ्यायचं नाही. चार-सहा महिने जाऊ द्यायचे. नाव नाही म्हणजे बन्यामीनला मैदानात उतरता येणार नाही, पण दुसऱ्यालाही येणार नाही. मग बघू. खेळाशिवाय तेवढे महिने तुला शेडमध्ये काम करावं लागेल, तेवढं सोस, असं तो जवळजवळ हात जोडून म्हणाला.

बन्यामीननं ऐकायला हवं होतं. पण या शनिवारी कृपाबाई येणार होती. जन्मात पहिल्यांदा ती मुलाचा खेळ बघायला निघाली होती, कंपाउंडमधल्या सगळ्या बायकांना सांगून. तिनं देवाकडं जे मागितलं ते मिळालं, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तिला काय सांगायचं?

"या खेपेला नाव घ्या," तो म्हणाला. "मी आधी बोलतो, मोठ्यानं बोलतो. माझीच जागा आहे ती. पुढच्या शनिवारपासून काढा नाव."

हौसराव "बरं" म्हणाला.

६

शनिवारी कृपाबाई दुपारच्या एसटीनं आली. पांढरं स्वच्छ लुगडं, हातात गठुडं. बन्यामीननं तिला मैदानाच्या डाव्या कडेला बाक दिला. तिनं त्याच्या नडगीवरून हात फिरवला, दुखतं का विचारलं. थोडं, तो म्हणाला. तिनं डोळे मिटून पुटपुटत प्रार्थना केली आणि पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. उन्हात उभा राहू नको म्हणाली.

डब्यात तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. बाकीचे आले, बसले, हौसराव दारात उभा राहिला. नावं सुरू झाली. बन्यामीननं श्वास भरून ठेवला होता.

"बन्यामीन अब्राहाम."

"हाय," तो ओरडलाच. शब्द उमटला, पत्र्यावर आदळून परत आला. त्याच्या आधी कुणी बोललं नव्हतं, त्याच्या मागूनही कुणी बोललं नाही. सुटलो, असं वाटून त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

हौसरावनं मान वर केली. तो बन्यामीनकडं बघत होता, दारात कुणी अनोळखी पाहुणा येऊन उभा राहिला तर बघावं तसा, थोडा अवघडून. मग त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "बन्यामीन अब्राहाम."

"हाय," खिळ्याखालून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

हौसराव पुढच्या नावावर गेला. हजेरी संपली, गडी उठले, एकेक करून खाली उतरले. बन्यामीननं दगडोबाचा दंड धरला. दगडोबानं तो हळूच सोडवून घेतला, गर्दीत अनोळखी माणसाचा हात लागला तर आपण सोडवतो तसा, आणि "जाऊ द्या जरा" म्हणाला. सगळ्यांच्या मागून आणखी कुणीतरी उतरलं. दारातल्या उजेडात बन्यामीनला क्षणभर पाठ दिसली, मानेवरचे बारीक कापलेले केस दिसले. स्वतःची मान पाठीमागून माणूस कधी बघत नाही. तरी ती त्याला ओळखू आली.

तो खाली उतरला तेव्हा शिट्टी वाजली होती. त्याला मैदानात जायचं होतं, पण रेघेपाशी पाय अडला, कुणी अडवलं नव्हतं तरी. नडगीतली ठणक थांबली होती. वर्षभरात पहिल्यांदा त्याचं काहीच दुखत नव्हतं. लोक डाव्या कडेला झुकून ओरडत होते, त्याचंच नाव ओरडत होते. आता त्याला एकच माणूस हवं होतं. सगळं जग चुकेल, पण जिनं वर्षभर उशाशी बसून काढलं ती चुकणार नाही. तो कडेकडेनं पळत बाकाशी गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

कृपाबाई उठून उभी होती. दोन्ही हात छातीशी जोडलेले, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की बन्यामीननं तो तिच्या चेहऱ्यावर आजवर पाहिला नव्हता. तिचे डोळे मैदानाच्या कडेनं कुणाच्या तरी मागं पळत होते, वळत होते, परत येत होते.

"आई," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. परक्या माणसाशी बोलताना ती नेहमी बोलायची तशीच अदबीनं बोलली.

"जरा बाजूला सरता का, बाबा? माझं लेकरू खेळतंय."

बन्यामीन बाजूला सरला.